मेडिक्लेमची कंपनीच बुडाली तर? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-३०४: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमचं नूतनीकरण आहे आणि "कंपनी बुडाली की प्रीमियमही गेला, क्लेमही गेला" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांचं संरक्षण असतं. विम्यात तसं काही आहे का?

ए-७०२: ताई, ग्राहकांना भरपाई देणारा तसा निधी विम्यात नाही, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. म्हणूनच इथे सगळा भर कंपनी बुडायच्या आधी तिला अडवण्यावर आहे. त्यासाठी दोन थर असतात, आधी राखीव तरतूद आणि तिच्यावर सॉल्व्हन्सी मार्जिन.

आधी तरतूद बघू. समजा वर्षाच्या पॉलिसीचे १ ऑक्टोबरला ३६,५०० रुपये भरले, म्हणजे दिवसाला १०० रुपये. ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस सरले. उरलेल्या १८३ दिवसांचे १८,३०० रुपये कंपनीला कमाई म्हणून दाखवता येत नाहीत. ताळेबंदात ते देणं म्हणूनच राहतात.

ए-१०१: त्यात क्लेमची तरतूद धरा. कुणी २९ मार्चला ॲडमिट झालं आणि बिल मे महिन्यात पोचलं, तरी तो बोजा मार्चच्याच हिशेबात यायला हवा. घडलेल्या पण अजून न कळवलेल्या अशा क्लेमना आयबीएनआर म्हणतात. कंपनीचा ॲक्चुअरी, म्हणजे विमा-गणिती, हा आकडा काढून प्रमाणित करतो. आरोग्य विम्यात घोळ व्हायची जागा हीच. इथे आकडा कमी धरला की यंदा नफा फुगलेला दिसतो आणि पुढच्या वर्षी तेच क्लेम भांडवल खातात.

बी-३०४: आणि मार्जिन म्हणजे?

ए-७०२: सगळी देणी वजा करून हातात उरायला हवी ती रक्कम. ढोबळ हिशेब देतो, पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतः घेतलेला विमा) वगैरे बारकावे सोडून. निव्वळ प्रीमियम १,००० कोटी असेल तर त्याचे २०% म्हणजे २०० कोटी. निव्वळ क्लेम ७०० कोटी असतील तर त्यांचे ३०% म्हणजे २१० कोटी. यातला मोठा आकडा धरायचा, २१०. इर्डा, म्हणजे विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था, त्याच्या दीडपट मागते, म्हणजे ३१५ कोटी. हातातली शिल्लक भागिले हे २१० म्हणजे सॉल्व्हन्सी प्रमाण, आणि ते किमान १.५ किंवा १५०% लागतं.

आणि हे ३१५ कोटी फर्निचर दाखवून भरत नाहीत. फर्निचर, स्टेशनरी, पुढे ढकललेले खर्च, एजंटांकडून महिनाभरात वसूल न झालेले पैसे, यांची किंमत इथे शून्य धरतात.

सी-५०३: आमची कंपनी तर दरवर्षी झपाट्याने वाढतेय. म्हणजे भक्कमच ना?

ए-१०१: दादा, इथेच लोक फसतात. पॉलिसी विकली की कमिशन लगेच द्यावं लागतं, प्रीमियम मात्र वर्षभर थोडाथोडा कमाईत येतो. शिवाय धंदा वाढला की लागणारं मार्जिनही वाढतं. मालकांनी नवं भांडवल घातलं नाही तर विक्री जोरात असूनही प्रमाण घसरतं.

सी-५०३: १.५ च्या खाली गेलं तर?

ए-७०२: कंपनीला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. तेवढ्याने भागलं नाही तर इर्डा नवी विक्री बंद करू शकते. रिलायन्स हेल्थ इन्शुरन्स सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मार्जिन टिकलं नाही म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इर्डाने तिची विक्री थांबवली आणि ग्राहकांची देणी, सोबत आर्थिक मालमत्ता, रिलायन्स जनरलकडे सोपवायला लावली. सहारा लाइफ या जीवन विमा कंपनीवर २०१७ मध्ये प्रशासक नेमला आणि जून २०२३ मध्ये पॉलिसी एसबीआय लाइफकडे गेल्या. दोन्हीकडे पॉलिसीधारकांना वाऱ्यावर सोडलं नाही.

डी-२०१: सरकारी कंपन्यांचं काय? आई-बाबांची पॉलिसी तिथे आहे.

ए-७०२: न्यू इंडिया १.५ च्या वर आहे. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया गेली काही वर्षं खाली आहेत. २०१९-२० ते २०२१-२२ या काळात केंद्राने या तिघींत १७,४५० कोटी घातले. मालक सरकार आहे हाच तिथला आधार. ज्येष्ठांची जुनी पॉलिसी निव्वळ या आकड्यावरून सोडू नका, या वयात नवी कंपनी घेईलच असं नाही.

बी-३०४: आमच्या कंपनीचा आकडा कुठे पाहू?

ए-१०१: कंपनीच्या वेबसाइटवर 'पब्लिक डिस्क्लोजर्स'मध्ये. तिमाही निवडा आणि ॲनालिटिकल रेशोचं पान उघडा. एकच आकडा बघून उपयोग नाही, चार तिमाह्या शेजारीशेजारी लिहून काढा. एक लक्षात ठेवा, सॉल्व्हन्सी चांगली म्हणजे तुमचा क्लेम मंजूर होईलच असं नाही. पैसा आहे एवढंच त्यातून कळतं. द्यायची पद्धत कशी आहे ते क्लेम आणि तक्रारींच्या आकड्यांत बघावं लागतं.

बी-३०४: सापडलं काका. २.०२, १.९४, १.८३, १.७१. पोर्ट करू का, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेऊ का?

ए-७०२: घसरण आहे, पण धोक्याच्या रेषेच्या वर आहे. पोर्टचा अर्ज करताना नूतनीकरणाला ४५ दिवस तरी बाकी असावेत आणि तुमच्याकडे महिनाच उरलाय. यंदा वेळेत नूतनीकरण करा. मधल्या काळात कंपनीने भांडवल आणलं का बघा आणि पुढच्या वर्षी दोन महिने आधी दुसरीकडे अर्ज टाका. पोर्ट करताना प्रतीक्षा काळाची (काही आजारांचे क्लेम सुरुवातीला मिळत नाहीत तो काळ) सवलत जुन्या विमा रकमेपुरती आणि बोनसपुरतीच मिळते. ५ लाखांवरून १० वर गेलात तर वरच्या भागाला प्रतीक्षा नव्याने लागते. आणि नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवा.