मदत हवी आहे: इन्सॅट या हवामान उपग्रहाच्या चित्रात सोलापूरचा ढगच दिसत नाही, उद्या सबमिशन

अनुजा_होटगीरोड: विमानतळाच्या ५० किमीत गडगडाटी ढग वाढायला लागला की इशारा द्यायचा, असा आमचा प्रोजेक्ट आहे. मागच्या गुरुवारी साडेचारला इथे आधी धुळीचा लोट आला, मग टपोऱ्या थेंबांनी टपरीचे पत्रे वाजायला लागले. मोसडॅकवरून (इस्रोची उपग्रह-डेटाची साइट) १६३० ची फाईल उतरवली, तर आभाळ कोरं! लवकर सांगा कुणीतरी.

ढगवेडा: उपग्रह कुठला? चॅनल कुठला? तापमान बघताय की काउंट (सेन्सरचा कच्चा आकडा)?

अनुजा_होटगीरोड: इन्सॅट-३डीएस, टीआयआर१ (१०.८ मायक्रॉनचा उष्णतेचा, इन्फ्रारेड चॅनल). फाईलमधले आकडे तसेच घेतलेत.

ढगवेडा: म्हणजे काउंट. तापमानाचा तक्ता त्याच फाईलमध्ये असतो, तो लावा. केल्व्हिनमध्ये उत्तर मिळेल.

रडारप्रेमी: उपग्रह सोडा. चार किमीचा एक ठिपका, त्यात काय कळणार? रडार घ्या.

ढगवेडा: रडारला थेंब मोठे झाल्यावर दिसतं. ढग उंच वाढताना त्याचा माथा भराभर थंड होतोय हे १०.८ मायक्रॉनला त्याआधीच कळतं. उतरणाऱ्या विमानाला तीच पंधरा-वीस मिनिटं मोलाची.

रडारप्रेमी: आणि वर सिरसचा (उंचावरच्या विरळ बर्फाळ ढगांचा) थर असला तर? खालचा ढग झाकला जातो. अनुभवाने सांगतोय.

कोहरा_७७: रात्री ३.९ आणि १०.८ मायक्रॉनच्या तापमानांची वजाबाकी करा, धुकं छान उठून दिसतं.

अनुजा_होटगीरोड: धुक्याचं नाही विचारलं हो! तक्ता लावला, तरी ढग नाही.

सौ_मेटार: अगं, फाईलवरची वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ असते. १६३० म्हणजे आपले रात्रीचे दहा. साडेचारसाठी ११०० ची घे. मेटारही (विमानतळाचा हवामान अहवाल) यूटीसीतच असतो, तिथेही हीच चूक करशील.

पंढरपूरचा_बागायतदार: गारांचंही कळतं का यात? द्राक्षं उघड्यावर आहेत.

अनुजा_होटगीरोड: सापडला!! ताई, खूप आभार. पण विमानतळावर दिसायला हवा तो ढग सिद्धेश्वर तळ्याकडे दिसतोय.

ढगवेडा: उपग्रह विषुववृत्तावरून तिरका बघतो, म्हणून उंच ढग उत्तरेला सरकलेला दिसतो. १५ किमी उंचीचा माथा सोलापूरला साधारण साडेपाच-सहा किमी सरकतो. ढगमाथ्याच्या तापमानावरून उंची काढा आणि तेवढा दक्षिणेला आणा.

रडारप्रेमी: मग रडारशी ताडून बघा. हे तरी ऐका.

अनुजा_होटगीरोड: आत्ता बसते. माथा २०५ केल्व्हिन आलाय, उंची कशी काढू?