'स्ट्रॅटेजी' म्हणजे 'शस्त्रतेज'? बस करा राजेहो

वैतागलेला_महालकर
सकाळी सहाला गल्लीच्या ग्रुपवर पोस्ट: 'स्ट्रॅटेजी हा शब्द संस्कृत शस्त्रतेजवरून आला, ग्रीकांनी आपल्याकडून चोरला. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' खाली हात जोडलेल्यांची रांग. चहा गार झाला तरी चालेल, पण आज लिहितोच.

ग्रीकमध्ये 'स्ट्रॅटोस' म्हणजे फौज, 'अ‍ॅगेइन' म्हणजे हाकणे, नेणे. फौज नेतो तो स्ट्रॅटेगोस. हे पद होतं, विचार नव्हता. अथेन्सवाले इ.स.पू. 501 पासून दरवर्षी असे दहा जण मतं देऊन निवडायचे. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज वर्षानुवर्षं निवडून आला. नाटककार सोफोक्लीजही एकदा निवडून आला होता. आपण आज लावतो तो अर्थ फार अलीकडचा. 1770च्या दशकात जोली द मेझरॉय नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बायझंटाइन सम्राट लिओचा युद्धग्रंथ फ्रेंचमध्ये आणला, तेव्हापासून हा शब्द युरोपात फिरायला लागला. इंग्रजीत रुळला तो 1800च्या आसपास. यात शस्त्र कुठं आणि तेज कुठं?

अभिमानी_४४
पोस्ट मीच टाकली होती. ग्रीकांचं सगळं खरं, आपलं सगळं थोतांड, असंच ना? कौटिल्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव असे दुसऱ्या राज्यांशी वागायचे सहा गुण सांगितले, ती स्ट्रॅटेजी नाही तर काय तर्री-पोहे?

वैतागलेला_महालकर
ती स्ट्रॅटेजीच, आणि अव्वल दर्जाची. पण वस्तू आपल्याकडे होती म्हणून शब्दही आपला, हे कुठलं गणित? माझ्या घरी फ्रिज आहे, म्हणून तो शब्द माझ्या आजोबांचा होत नाही.

भाषेचा_किडा
दोघंही थांबा. 'स्ट्रॅटोस'च्या मुळाशी 'पसरणे' आहे. पसरलेली, तळ ठोकून बसलेली फौज. संस्कृतातला 'स्तृ' धातू त्याचा चुलतभाऊ. त्यावरून विस्तार, त्यावरून आस्तरण, आणि आस्तरणाचं मराठीत अंथरूण. चोरी कोणीच केलेली नाही, दोघांचा पणजोबा एक.

अभिमानी_४४
बघा! म्हणजे नातं आहेच!!

वैतागलेला_महालकर
आहे, मान्य. शस्त्रतेजाशी नाही, सतरंजी-गादीशी आहे. पुढच्या वेळी पोस्टमध्ये 'स्ट्रॅटेजी म्हणजे अंथरूण' असं लिहा, मी स्वतः पुढे पाठवतो.

तर्री_जास्त
मग तर आमच्या आजीले सगळी स्ट्रॅटेजी पाठ होती. अंथरूण पाहून पाय पसर, म्हणत होती.

माझा भाचा एमबीए करून आला अन् म्हणे, मामा, तुमच्याकडे स्ट्रॅटेजी नाही, दुसरा ठेला टाका. टाकला. तीन महिन्यांनी समोर सिमेंटचा रस्ता झाला, माझ्या ओट्यापेक्षा वीतभर उंच. पहिल्याच पावसात चुलीत पाणी. पोह्याची परात तरंगत होती, डोळ्यानं पाहिली. आता सांगा, याच्यात स्ट्रॅटेजी काय करन?

भाषेचा_किडा
रस्त्यांचा धागा वेगळा काढा, प्लीज.

तर्री_जास्त
काऊन? तुमचा धातू चालते, माझा ठेला नाही चालत?

वस्तादांचा_चेला
शब्द हवा तर 'डावपेच' आहे की. पण तो टॅक्टिक्ससाठी, हे लक्षात घ्या. माझे बाबा सक्करदऱ्याकडच्या आखाड्यात जायचे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, सगळे डाव हातात. तरी एका जत्रेत साध्या पोरानं पाडलं, कारण बाबांचा दम चौथ्या मिनिटाला संपला. वस्ताद चिडले नाहीत. म्हणाले, डाव शिकवला, कुस्ती कशी काढायची ते शिकवायचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे फुटाळा तलावापर्यंत धावायला लावलं. युद्धशास्त्रावर लिहिणारा प्रशियन अधिकारी क्लॉजविट्झही हेच सांगतो: लढाईत फौज कशी वापरायची ते टॅक्टिक्स, आणि त्या लढाया युद्धासाठी कशा वापरायच्या ती स्ट्रॅटेजी.

इतिहासवेडा_बर्डी
मग आपल्या नागपूरच्या सीताबर्डीची लढाई घ्या. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817. आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट. त्यांच्या फौजेतल्या अरबांनी दुसऱ्या दिवशी लहान टेकडी घेतलीसुद्धा. डाव जिंकले, युद्ध हरले.

अभिमानी_४४
फितुरी झाली म्हणून हरले.

इतिहासवेडा_बर्डी
दर वेळी फितुरीच का हो? लढाईच्या आधी इंग्रज दोन्ही टेकड्यांवर जाऊन बसले, तेव्हा कोणी अडवलं नाही. इंग्रजांची रेसिडेन्सी शेजारीच होती, तिथल्या रेसिडेंट जेन्किन्सला सगळं दिसत होतं. पुण्याजवळ खडकीला पेशव्यांनी 5 तारखेलाच इंग्रजांशी लढाईला तोंड फोडलं होतं. तीन आठवडे मिळाले होते, तीन!

वस्तादांचा_चेला
घरात बसून 1817 जिंकणं सोपं आहे.

इतिहासवेडा_बर्डी
घरात बसून नाही, टेकडीवर उभं राहून बोलतोय. मोठ्या टेकडीवरून लहान टेकडी हाताच्या अंतरावर दिसते. ज्याच्याकडे मोठी, त्याच्याकडे तोफ.

अभिमानी_४४
अहो, सीताबर्डी हे नावच शीतलाप्रसाद-बद्रीप्रसाद या दोन यादव भावांवरून पडलं. सगळं गाव सांगतं. आता हेही खोटं म्हणा.

भाषेचा_किडा
गाव सांगतं, हे खरं. पण आमच्या मामाच्या गावी खडकाळ उंचवट्याला बर्डीच म्हणतात, आणि तिथं ना शीतला, ना बद्री.

अभिमानी_४४
म्हणजे आता भाऊही गेले! उद्या नागपुरात नाग नदी नाही म्हणाल.

वैतागलेला_महालकर
माझा धागा स्ट्रॅटेजीचा होता. नोंद असावी.

इतिहासवेडा_बर्डी
चेले, 15 ऑगस्टला टेकडीवरचा किल्ला लोकांना उघडतात. येतोस? मोठी टेकडी दाखवतो, मग बोल.

वस्तादांचा_चेला
येतो. पण पोहे तर्री_जास्तकडे, आणि पैसे तुझे.

तर्री_जास्त
या. पाऊस नसन तर या.