रणभूमीजवळची फ्रेंच गावं : आपण तिथे फक्त थडगी बघायला जातो का?

रानवाट
मागच्या सप्टेंबरात उत्तर फ्रान्समधल्या बेथ्यूनला आठ दिवस राहून आले. पहिल्या महायुद्धात आघाडीची रेषा या गावापासून थोड्याच अंतरावर होती. परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘किती सैनिक मेले तिथे?’ बाजार कसा भरतो, लोक काय खातात, सण कुठले करतात, हे कुणी विचारत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

एका सकाळी चर्चबाहेर काळा पोशाख, दुटोकी टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेली माणसं पाहिली. मला वाटलं, मृताच्या घरातलीच कुणी असतील. शेजारच्या बाईंनी सांगितलं, ‘हे आमचे शारिताब्ल.’ ११८८ साली प्लेगची साथ आली आणि मृतांजवळ जायला कुणी धजेना, तेव्हा दोन लोहारांनी हा संघ सुरू केला अशी आख्यायिका आहे. श्रीमंत असो की भणंग, गावातल्या मृताला ते आजही एक पैसा न घेता स्मशानापर्यंत पोचवतात. ‘खांदा देणं’ याला दुसरा शब्द मला सुचला नाही. आठशेहून अधिक वर्षांची ही रीत, आणि आपल्या प्रवासवर्णनांत तिचं नावही नाही. त्यातलं गाव १९१४ ला सुरू होतं आणि १९१८ ला संपतं. माझं स्पष्ट मत आहे, हा त्या गावांवर अन्याय आहे.

खडकीकर
रानवाटताई, तळमळ कळली, पण मत पटलं नाही.

माझे आजोबा आणि वडील दोघंही खडकीच्या सॅपर्समधले, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलातले. बेथ्यूनहून गाडीने थोडं पुढे गेलं की न्यूव्ह शापेल लागतं. २८ ऑक्टोबर १९१४ ला ते खेडं जर्मनांकडून परत घ्यायला ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या धावून गेल्या. पूल बांधणं, खंदक खणणं ही ज्यांची कामं, ते त्या दिवशी संगिनी लावून घराघरात लढले. अपरिमित माणसं गेली. आज तिथल्या चौरस्त्यावर भारतीय स्मारक आहे. अशोकस्तंभावरून बेतलेला उंच खांब, दोन दगडी वाघ आणि गोल भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. फ्रान्सला जाणाऱ्या मराठी माणसाने आधी बाजार बघावा असं तुम्ही म्हणता? आधी त्या भिंतीपुढे उभं राहावं, मग बाजार.

आणि तुमचे शारिताब्ल करतात काय? मृतांना निरोपच देतात ना! म्हणजे मृतांची बूज राखणं हीच त्या मुलखाची संस्कृती झाली. तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

वास्तुवेडी
थडगी की बाजार, यात इमारती राहूनच गेल्या. १९१८ च्या तोफमाऱ्यात बेथ्यूनचा मध्यभाग भुईसपाट झाला. चौदाव्या शतकातला घंटामनोरा तेवढा वाचला. त्याला चिकटलेली घरं जळाली ती पुन्हा बांधलीच नाहीत, म्हणून आज तो चौकात एकटा उभा दिसतो. भोवतीची घरं नव्याने रचली, तीही १९२० च्या दशकातल्या ढंगात, प्रत्येकाचा दर्शनी भाग वेगळा. हे मला प्रामाणिक वाटतं. जे गेलं ते गेलं, आता आमच्या काळाचं बांधतो.

त्याच भागातल्या आरास या शहराने उलट केलं. २१ ऑक्टोबर १९१४ ला तिथला घंटामनोरा कोसळला. तो आणि दोन्ही चौकांतली पडकी घरं जशीच्या तशी पुन्हा उभी केली, पण आत काँक्रीट घालून. लोक ‘काय जुनं आहे!’ म्हणून फोटो काढतात. मला ती नक्कल वाटते.

लेखणी
नक्कल? वास्तुवेडी, हा शब्द मागे घ्या. शनिवारी त्या चौकात बाजार भरतो तेव्हा जाऊन बघा. भाजीवाल्याच्या पाठीशी त्या वळणदार माथ्यांची रांग नसती, तर आरास हे आरास राहिलं असतं का? शत्रूने पाडलं ते आम्ही होतं तसंच उभं करणार, हा त्या माणसांचा निर्धार होता. आत काँक्रीट आहे म्हणून निर्धार खोटा ठरत नाही.

वास्तुवेडी
निर्धार खरा, हे मान्य. शब्द कडक झाला. पण निवड करायची वेळ आली तर मी बेथ्यूनच निवडेन.

काळी माती
मी उत्तर फ्रान्समधल्याच आमियाँ शहराजवळ चार वर्षं बटाट्याच्या पिकावर काम केलं. वरची सगळी चर्चा ‘युद्ध संपलं’ असं धरून चाललीय. शेतात ते संपलेलं नाही. नांगरट झाली की बांधावर गंजलेले तोफगोळे दिसतात. शेतकरी ते कडेला ठेवतो, कळवतो आणि सरकारी पथक येऊन घेऊन जातं. तिकडे याला ‘लोखंडाचं पीक’ म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो मातीने माखलेला मोठा रताळ्याचा गड्डा वाटला. मी हात पुढे केला आणि शेतमालकाने माझं मनगट घट्ट धरलं. नंतर बराच वेळ तो बोलला नाही.

ईशान्येच्या व्हर्दां या रणभूमीकडे तर नऊ गावं पार नष्ट झाली, त्यातली सहा पुन्हा वसलीच नाहीत. त्यातल्याच फ्लरीला आज एकही माणूस राहत नाही, तरी त्याला महापौर नेमला जातो. माणसाविना गावाचं नाव जपायचं, याला संस्कृती म्हणायचं की शोक? मला तरी त्यांच्यात रेघ ओढता येत नाही.

रानवाट
काळी माती, तुमचा अनुभव वाचून काटा आला.

खडकीकरदादा, त्या भिंतीपुढे मीही उभी राहिले होते. माझी तक्रार भिंतीबद्दल नाही, तिथूनच मागे फिरण्याबद्दल आहे. लाँस घ्या. कोळशाचं गाव, युद्धात जमीनदोस्त झालं, जर्मनांनी खाणींत पाणी सोडलं. खाणी पुन्हा चालवायला माणसं उरली नव्हती, म्हणून १९१९ च्या फ्रान्स-पोलंड करारानंतर पोलंडहून हजारो कामगार या पट्ट्यात आले. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथल्या खाणकामगारांच्या चाळींत राहतात आणि लाल-पिवळे पंचे गळ्यात घालून फुटबॉलला जातात. गावात जेवढी माणसं, त्याहून जास्त खुर्च्या स्टेडियममध्ये! हे सगळं युद्धातूनच आलं, पण ते थडग्यांत सापडत नाही. मी म्हणते, हेही बघा.

खडकीकर
ताई, पोलिश कामगारांचं माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला लाँसला नक्की जाईन.

पण एक सांगतो. न्यूव्ह शापेलच्या भिंतीवर सगळी नावं नाहीत, फक्त ज्यांची कबरच सापडली नाही त्यांची आहेत. बेथ्यूनमध्ये निराधारालाही शारिताब्ल पोचवायला येतात. तिथून इतक्या जवळ माझ्या खडकीच्या पोरांना खांदा द्यायला कुणी नव्हतं. म्हणून मी आधी तिथेच जाणार. तुम्ही आधी बाजारात जा, माझी हरकत नाही. संध्याकाळी चौकातल्या मनोऱ्याखाली भेटू.