शेतीसंरक्षणाची बंदूक आणि घरातली मुले: भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत यावी का?

राखणदार

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका अजून गावोगाव आहेत. बहुतेक एकनळी किंवा दुनळी बारा बोअर, काही ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या). भात दुधात आले (दाणा भरू लागला) की रानडुकरे उतरतात, माणसे राखणीला जातात आणि पहाटे दमून परतल्यावर बंदूक आहे तशी पडवीतल्या खुंटीला लागते. नेमके याच दिवसांत गणपती येतात. मुंबई-पुण्याहून आलेली पाच-सात मुले त्याच पडवीत झोपतात, त्याच पडवीत लपाछपी खेळतात. ‘आमच्या घरात लहान मूल नाही’ हे वर्षाचे अकरा महिने खरे असते, पण बंदूक सर्वांत जास्त हाताळली जाते त्या महिन्यात खरे नसते.

म्हणून माझे मत असे की बंदूक खळ्यातच रिकामी व्हावी. घराकडे पाठ, नळी बांधाकडे, बोट चापाबाहेर. वरची कळ सरकवून बंदूक मोडायची आणि काडतुसे काढून थेट डब्यात टाकायची, खिशात नाही. मग मोजायची: सहा नेली, एक उडवले, तर हातात पाच जिवंत आणि एक टरफल यायलाच हवे. मोजण्याचे कारण आहे. जुनी कागदी टरफलाची काडतुसे पावसाळी हवेत फुगतात आणि नळीत अडकून बसतात. माणसाला वाटते दोन्ही निघाली, प्रत्यक्षात एक आतच असते. शेवटी विजेरी लावून नळीच्या एका टोकातून दुसरीकडे बघायचे. उजेडाचे गोल वर्तुळ दिसले पाहिजे. बॅटरी नसेल तर काडतूस बसते त्या जागी बोट घालून चाचपायचे.

घरात आल्यावर पुढची लाकडी पट्टी काढायची, नळी सुटी करायची आणि सगळे कपाटात कुलपाआड ठेवायचे. काडतुसांचा पत्र्याचा डबा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. पट्टी वेगळ्या खणात ठेवली तरी पुरे असे मला वाटते. तुमचे मत सांगा.

कातळसडा

हे सगळे कागदावर छान आहे. पण परवाना कशासाठी दिलाय? पीक वाचवण्यासाठी. राखणीला ठरवून जातो तेव्हा एक वेळ ठीक. वानरांचे काय? ती दिवसा येतात, कधीही येतात. माडाच्या शेंड्यावरून शहाळी खाली पडायला लागली की दहा मिनिटांत झाड रिकामे. तुम्ही एका खोलीतून नळी, दुसरीतून काडतुसे आणणार, जोडणार, तोवर टोळी परड्याच्या पलीकडे गेलेली असते. उपयोगाला येत नाही अशी बंदूक ठेवायचीच कशाला?

आणि गावातले मूल कोयता, विळी, पंपाची वायर, विहीर या सगळ्यांच्या संगतीतच वाढते. त्याला शिकवले की शिकते. खुंटी सात फुटांवर ठेवा, एकदा बंदूक हातात देऊन तिचे वजन दाखवा, बार उडाल्यावर काय होते ते लांबून बघू द्या. दडवलेल्या वस्तूचेच मुलांना कुतूहल असते.

परसदार

कातळसडा, कोयत्याची धार मुलाला दिसते. बंदूक भरलेली असो की रिकामी, बाहेरून सारखीच दिसते. तुमची तुलना इथेच मोडते.

शिकवण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. अमेरिकेत अटलांटाला ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत ठेवले. तिथल्या एका खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल होते. २००१ साली हा अभ्यास छापून आला. ४८ मुलांना ते सापडले, ३० जणांनी हाताळले, १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितले की बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल त्यांना आधीच शिकवलेले होते. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते खेळणे वाटले किंवा खात्री नव्हती.

आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल प्रत्येकाच्या हातात असते. ठासणीच्या बंदुकीची टोपी (बार पेटवणारी छोटी धातूची वाटी) आणि टिकली यांत सहा वर्षांच्या मुलाला काय फरक कळणार?

सात फुटांची खुंटी म्हणाल तर पडवीत बाक असतो, खुर्ची असते, गणपतीत तर मखर बांधायची शिडीसुद्धा असते. आणि लहान मूल बंदूक मोठ्यांसारखी धरत नाही. दस्ता जमिनीला टेकवते, नळी स्वतःकडे येते आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते. बोटांत जोर नाही म्हणून चाप ओढला जाणार नाही, या भरवशावर कुणी राहू नये.

घोडा-चाप

राखणदार यांच्या मूळ धाग्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करतो. पुढची पट्टी काढल्याने बंदूक निकामी होत नाही. नळी खिट्टीला अडकवून बंद केली की वरच्या कळीचा खटका तिला धरून ठेवतो. घोडे (चाप ओढल्यावर आदळून बार उडवणारे भाग) बाहेर असलेल्या बंदुकीत घोडा अंगठ्याने ओढता येतो, पट्टी असो वा नसो. म्हणून वेगळी ठेवायची ती नळी. पट्टी वेगळी ठेवून समाधान मानणे धोक्याचे आहे.

दुसरे, सेफ्टी. बिनघोड्यांच्या दुनळीत बहुतेक वेळा सेफ्टी फक्त चाप अडवते. आतले घोडे चढलेलेच राहतात. बंदूक दगडी पायरीवर आपटली आणि आतला खटका झिजलेला असला, तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. सेफ्टी म्हणजे कुलूप नव्हे.

तिसरे, साखळी. चापाच्या कडीतून साखळी ओवून टाळे मारलेल्या बंदुका पुष्कळ दिसतात. त्या साखळीला हिसका बसला तर तीच चाप ओढते. तार-कुलूप वापरायचे तर बंदूक मोडलेली ठेवून तार मागून नळीत घालून तोंडातून बाहेर काढायची आणि मग कुलूप लावायचे. असे केले की ती बंदच होत नाही आणि त्या नळीत काडतूसही बसत नाही.

ठासणीच्या बंदुकीवर मात्र वेगळे बोलायला हवे, कारण मोडून आत बघण्याची सोयच नाही. टोपी काढली म्हणजे रिकामी, हा समज सर्वांत घातक. दारू आणि छर्रे आतच असतात, नुसती टोपी बसवायची बाकी असते. भरलेली आहे की नाही ते गजाने (दारू ठासायच्या लांब काठीने) कळते. गज नळीत पूर्ण खाली सोडा, तोंडाशी नखाने खूण धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूने लावून बघा. गजाचे टोक निपलच्या (टोपी बसते त्या बोंडाच्या) रेषेपर्यंत पोचले तर रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडे थांबले तर आत बार आहे. रिकाम्या नळीच्या मापाची खूण गजावर कानशीने कायमची करून ठेवा, म्हणजे रात्रीसुद्धा अंगठ्याला लागते.

कातळसडा

गजाची खूण मान्य. पण ठासणीची बंदूक रिकामी करायची म्हणजे बार उडवायचाच. पहाटे पाचला वाडीत बार उडवला तर शेजारी काय म्हणतील? आणि दारू-छर्रे फुकट. म्हणूनच लोक तशीच ठेवतात, आळसाने नाही.

बंद कपाटाबद्दलही सांगतो. आषाढ-श्रावणात लोखंडी कपाटात बंदूक ठेवा आणि पंधरा दिवसांनी बघा. नळीवर तांबूस ठिपके आलेले असतात. भिंतीवर, चुलीच्या बाजूच्या खोलीत ती कोरडी राहते. आमच्या वाडवडिलांनी खुंटीवर ठेवली ती काही कारणानेच.

घोडा-चाप

गंजाचे कारण कपाट नव्हे, कापडी किंवा चामड्याचे म्यान. ते ओल धरून ठेवते आणि पोलादाला चिकटून बसते. म्यानातून काढा, नळी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळतात, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून कोरडे करायचे. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी पुसायचे. आणि काळी दारू जाळणाऱ्या बंदुकीत तेलाआधी गरम पाण्याने नळी धुणे आलेच. तिची राख ओल ओढते, गंज तिथून सुरू होतो.

चुलीजवळ ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे. बंदुकीशेजारी दारूचा डबाही तिथेच जातो. काळ्या दारूला एक ठिणगी पुरते.

शिवाय उघडी टांगलेली नळी रिकामीच राहते असे नाही. कुंभारमाशी आत मातीचे घर करते, मुले काजूबी आणि गोट्या टाकतात, कुणी धूळ जाऊ नये म्हणून चिंधीचा बोळा कोंबतो आणि विसरतो. तशाच नळीत बार उडवला तर नळी फुटते, आणि राखणदाराचा डावा हात तिथेच असतो.

उरला बार फुकट जाण्याचा मुद्दा. घरून भरून न्यायचीच नाही. दारू मापून बंद डबीत, छर्रे वेगळ्या डबीत, टोप्या तिसऱ्या डबीत न्यायच्या. भरायची शेतात पोचल्यावर, टोपी सर्वांत शेवटी. पहाटे उरलेला बार तिथेच बांधाच्या मातीत उडवायचा. वाडीपासून लांब आहात, शेजाऱ्यांचा प्रश्न येत नाही. दारू ओली होऊन बार उडाला नाही, तर नळी मातीकडेच धरून दोन मिनिटे थांबा. उशिरा पेटणारा बार असतो. घरी आल्यावर निपल चावीने काढून टोप्यांच्या डबीत ठेवा, की घोडा पडला तरी बार उडत नाही.

बांधावरून

वानरांसाठी बंदूक उघड्यावर ठेवायची गरज नाही. कार्बाइडची पीव्हीसी नळी वापरा. स्वस्त, आवाज बंदुकीएवढा.

परसदार

ही सूचना कृपा करून कुणी घेऊ नका. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू होतो. लायटरची ठिणगी पडूनही कधी लगेच पेटत नाही, आणि मूल ‘का वाजले नाही’ म्हणून नळीत डोळा घालून बघते. तेव्हाच तो पेटतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच नळ्यांनी कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले, काहींची दृष्टी गेली. मुलांच्या हातून बंदूक काढून ही नळी द्यायची, हे संरक्षण नव्हे.

बांधावरून

मान्य, सूचना मागे घेतो. वानरांसाठी कुत्रा, गोफण आणि माणूस. डुकरांसाठी सौर कुंपण, पण त्याच्या खालच्या तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जातो, म्हणून दर आठवड्याला तारेखाली बेणणी (गवत काढणे) हवी. वानरांना कुंपणाचा काही उपयोग नाही, ती झाडावरून येतात. तिथे कातळसडा यांची अडचण खरी आहे.

परसदार

आता किल्लीवर बोलते, कारण सगळी व्यवस्था तिथे फसते. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली देव्हाऱ्याच्या मागे, कॅलेंडरच्या खिळ्याला किंवा तांदळाच्या डब्यात. हे घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. अमेरिकेतल्याच २००६ च्या एका अभ्यासात आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले होते. ‘बंदूक कुठे आहे ते आमच्या मुलाला ठाऊक नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांची मुले नेमके उलट सांगत होती.

किल्ली अंगावर राहिली पाहिजे, परवानाधारकाच्या करदोट्याला किंवा गळ्यात. नाहीतर यांत्रिक आकड्यांचे कुलूप घ्या, आणि आकडा जन्मसालाचा किंवा मोटारसायकलच्या नंबरचा नको. बोटाच्या ठशाचे कुलूप शेतकऱ्याच्या कामाचे नाही. चिखलाने, भेगांनी ठसा उमटत नाही आणि पावसाळ्यात वीज गेली, सेल संपले की ते उघडेच ठेवले जाते.

आणि या धाग्यात सगळे पाच-सहा वर्षांच्या मुलाचा विचार करताय. मला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची काळजी जास्त वाटते. नळी जोडणे, काडतूस घालणे त्याला बघून बघून येते. दहावीचा निकाल, घरातले भांडण, एखादी वाईट रात्र. त्या रात्री कुलूप आणि वेगळ्या खोलीतली काडतुसे यांमुळे जी पंधरा मिनिटे जातात, त्यात कुणीतरी जागे होते, कुणीतरी हाक मारते. २००५ साली छापून आलेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, काडतुसे कुलपात, काडतुसे वेगळ्या जागी, या चारही गोष्टींचा मुला-किशोरांमधल्या अपघात आणि आत्महत्या या दोन्हींच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. घरात कुणीही खचलेले असेल, तर बंदूक तेवढे दिवस घराबाहेर ठेवा. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेता येते.

राखणदार

पट्टीचे मी चुकीचे लिहिले होते, घोडा-चाप यांनी सांगितलेले घेतो: नळी वेगळी. पण परसदारताई, गणपतीत बंदूक जमा करा हे मला पटत नाही. तेव्हाच भात दुधात असते. निवडणुकीत शस्त्रे जमा करून घेतात तेव्हा डुकरांचे काय होते ते शेतकऱ्यांना विचारा.

परसदार

गणपतीसाठी जमा करा असे मी लिहिलेले नाही. गणपतीत मी एवढेच मागते की खुंटी काढून टाका. खुंटी भिंतीत आहे तोवर दमलेला माणूस तिच्यावरच बंदूक लावणार. आणि पाहुणे यायच्या आधी गजाने एकदा माप घ्या.

कातळसडा

ठासणीच्या बंदुकीचे सगळे मला पटले. निपल काढून ठेवणे सोपे आहे, कुणालाही जमेल. खुंटीही काढतो म्हणा. पण दिवसा, घरात जागे आणि जबाबदार माणूस असताना, बारा बोअर जोडलेली पण रिकामी, कुलूपबंद कपाटात आणि काडतुसे राखण्याच्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात, एवढी सूट मला हवीच आहे. माड वाचवायचे तर त्याहून मागे जाता येत नाही.

घोडा-चाप

दिवसा तेवढे चालेल, दोन अटींवर. पट्ट्यात मोजून चारच काडतुसे, आणि तो पट्टा दुपारी झोपताना खुर्चीच्या पाठीला लागणार नाही. झोपायच्या आधी चार मोजून डब्यात टाकायची, नळी सुटी करायची. शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी २१ वर्षांखालच्या पोराच्या हातात पट्टा देऊन ‘जरा वानरे हाकल’ म्हणणे शस्त्र कायद्यातही बसत नाही, आणि गावात सर्वांत जास्त होते ते हेच.