मदत हवी आहे: जूनमध्ये सिनाई पर्वत, पाणी किती न्यायचं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याहून आम्ही चौघं इजिप्तच्या सिनाई पर्वतावर (२२८५ मीटर) जातोय. रात्री दीडला उंटवाटेने चढायचं, सूर्योदय झाला की लगेच उतरायचं; बेदुइन वाटाड्या सोबत. सराव ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर केला, माणशी ३ लिटर पाणी, त्यात एक लिटर ओआरएसचं. पण इथे बनियन पिळून काढावा लागतो. तिथल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच सुकतो, कपाळावर नुसता मिठाचा खरखरीत थर. किती गेला ते कळणार कसं? नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही नको. बीपी, शुगर कुणालाच नाही. वाळवंटी डोंगर चढलेल्यांनी सांगा: माणशी ४ लिटर पुरेल का, आणि त्यातलं ओआरएसचं किती ठेवायचं?