मदत हवी आहे: १९२५ चं शांघाय आणि 'छंग यान' पत्रक

नमस्कार मंडळी,

मे १९२५ मध्ये शांघायच्या जपानी गिरणीत एक कामगार गोळी लागून मेला. ३० मे ला नानजिंग रोडवर पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि संप पेटला. त्यावर शहरातल्या परकीयांच्या ताब्यातल्या वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या म्युनिसिपल कौन्सिलने 'छंग यान' (प्रामाणिक शब्द) हे चिनी पत्रक काढलं. 'शन पाओ' दैनिकाने ते जाहिरात म्हणून छापलं, तर विद्यार्थी त्या पेपरवरच उलटले! राग गिरणीतल्या वागणुकीचा होता, पत्रकांनी कसा शमणार?

प्रबंधासाठी मदत हवी आहे. जुनं चिनी छापील वाचणारं कुणी आहे का? 'केसरी'च्या १९२५ च्या फायली कुठे बघायला मिळतील? मुंबईच्या ससूनसारख्या पेढ्यांची शांघायची कागदपत्रं कुणी पाहिली असतील तर कृपया जरूर कळवा.