चिंचवडचं मोटारगाड्या चढवायचं साइडिंग (बाजूचा रूळ) मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये: दीड फुटात कसं बसवू?

निगडी_लोको: नमस्कार मंडळी. भिंतीलगत 8 फूट बाय दीड फूट फळी टाकली आहे. स्केल एचओ, म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान. तिच्यावर परदेशी कॅटलॉगमधली पिठाची गिरणी आणून ठेवायची नाही. आपल्या इथला, रेल्वेवर चालणारा धंदा हवा. चिंचवडला एनएमजी रेकमध्ये, म्हणजे जुन्या प्रवासी डब्यांपासून केलेल्या मालगाडीत, नव्या कोऱ्या मोटारगाड्या चढवतात, तेच डोक्यात बसलंय. जुन्या प्रवासी डब्याच्या तोंडाचं दार उघडतं आणि ड्रायव्हर गाडी आत घालून या डब्यातून त्या डब्यात नेत पार पुढपर्यंत जातो. हे चालू असलं की तिथून पाय निघत नाही. पण खरा रेक पंचवीस डब्यांचा, आणि मागे केवढा तरी कारखाना. का हा नाद सोडून सिमेंटचा मालधक्का करू?

घोरपडी_यार्ड: मालधक्का करा. पत्र्याची शेड, उंच फलाट, बीसीएन म्हणजे बंद वाघिणी, पाठ लावून उभे ट्रक, पोती वाहणारे माथाडी. आज सिमेंट, उद्या खत, परवा साखर. पुणे स्टेशनजवळच्या चौकाचं नावच मालधक्का चौक आहे, याहून पुणेरी काय हवं?

सांधेवाला: मालधक्का सुंदरच होतो. पण ज्याच्यासमोरून पाय निघत नाही तेच करावं, नाहीतर फळी सहा महिन्यांत धूळ खाते.

कारखाना करूच नका. रुळाला लागतं ते एवढंच: रॅम्प, गाड्या उभ्या करायचं मोकळं आवार आणि कुंपणाची भिंत. भिंतीपलीकडचा कारखाना बघणारा मनातल्या मनात उभा करतो.

आता माप. आयसीएफ डबा (जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा) बफरसकट सव्वाबावीस मीटर, म्हणजे एचओमध्ये साडेपंचवीस सेंटिमीटर. तीन डबे आणि एक डब्ल्यूडीजी-3ए डिझेल इंजिन मिळून जेमतेम एक मीटर. तुमची फळी 244 सेंटिमीटर. डावीकडे रॅम्पसह साइडिंग 120, मग सांधा (रूळ बदलायची जागा), आणि उजवीकडे ट्रेन पुढे काढायला एक मीटर. ट्रेन मेन लाइनवरून डावीकडून येते, सांधा ओलांडून थांबते आणि मागे ढकलत रॅम्पला लागते. इंजिन आपोआप रॅम्पच्या विरुद्ध टोकाला राहतं, त्यामुळे ते फिरवून घ्यायला वेगळी लाइन लागत नाही. तीन डबे म्हणजे साधारण पंधरा गाड्या, कारण एका डब्यात पाचेक मावतात.

रॅम्पवर मात्र जीव ओता. डब्याचा तळ रुळापासून सुमारे 1.3 मीटर वर, म्हणजे आपल्याकडे 15 मिलिमीटर. त्याला 15 सेंटिमीटर लांबी द्या, चढ गाडीला झेपेल असा दिसतो. रॅम्पचा आणखी एक फायदा आहे. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटर, तो एचओत 19.3 व्हायला हवा आणि बाजारातला ट्रॅक 16.5. तोंडाकडून बघताना हा फरक डोळ्यांत खुपतो. इथे ते तोंडच रॅम्पमागे झाकलं जातं.

डबे जुन्या आयसीएफ मॉडेलमधूनच करा. खिडक्यांत 0.5 मिलिमीटरचं प्लास्टिक शीट किंचित आत बसवा. पुट्टी भरून सपाट घासू नका. खिडक्यांच्या जागा कळल्या पाहिजेत; कधीकाळी यातून माणसं जात होती, हे दिसलं तरच ती एनएमजी. गॅलरी (शेजारच्या डब्यात जायची वाट) काढून तोंडाला दोन पल्ल्यांचं दार लावा आणि ते उघडं ठेवा.

निगडी_लोको: काका, मनातलं बोललात. कारखाना काढून टाकल्यावर सगळं सुटसुटीत झालं. गाड्या कुठल्या ठेवू? घरात मुलाच्या खेळण्यातल्या 1:64 च्या पडून आहेत.

सांधेवाला: त्या नकोत. 1998 साली आलेली इंडिका घ्या, पिंपरीचीच गाडी. लांबी साधारण 3.66 मीटर, म्हणजे एचओत 42 मिलिमीटर. तीच 1:64 मध्ये 57 होते, आणि तिच्यापुढे डबा खुजा दिसतो. आवारात सगळ्या एकाच मॉडेलच्या, दोन-तीन रंगांत, नंबरप्लेटशिवाय लावा.

आणि साइडिंग अगदी सरळ ठेवा. दोन डब्यांमधल्या फटीवर पत्रा टाकून त्यावरून गाडी पुढे नेतात. वळणावर ती फट एका बाजूने उघडते आणि पत्रा बसत नाही. कपलिंग आखूड करून डबे जवळ आणा, पत्र्यासाठी पातळ पितळी पट्टी कापा आणि एक गाडी नेमकी त्या पत्र्यावर ठेवा, पुढची चाकं पुढच्या डब्यात, मागची मागच्या.